बहात्तर इंची

चावीवाल्याला सगळे एकच विचारतात,
पाणी किती वाजता सोडणार.
पहाटे चार पस्तीसला मी रस्त्यातलं झाकण उचलतो,
लांब दांड्याची चावी खाली घालतो
आणि बावीस फेरे मोजतो.
बाविसाव्याला तीन गल्ल्या जाग्या होतात.
एकोणीस वर्षं.

मार्चअखेर विद्याविहारला, बहात्तर इंची पाइपाच्या कडेला
चार बांबू, एक निळी ताडपत्री, माणसं सात.
पाटोद्याकडची. आश्रुबा, त्याची सोजर,
म्हातारी, भाऊ, भावजय, दोन पोरं.
येताना जातं आणलेलं.
ज्वारी नव्हती, जातं होतं.
मागं ठेवलं असतं तर धुळीत बुजलं असतं,
म्हातारी म्हणाली.

पाइपालगत कुणी राहिलं तर साहेबांना कळवायचं असतं.
नावं लिहून घ्यायला गेलो.
सोजर म्हणाली, झोप लागंना दादा.
मला वाटलं, डास. किंवा ट्रक.
म्हणाली, रातभर उशाशी पाणी चाललंय.
आमच्याकडं टँकर यायचा असला
की सगळं गाव जागं ऱ्हातंय.
हितं रोजच टँकर.

थोरली पोरगी पाइपाला कान लावून उकिडवी बसलेली.
कुठं चाललंय?
खाली, शहरात.
परत कधी येतंय?

मी वहीत नावं लिहिली आणि पान दुमडून ठेवलं.

आश्रुबा जुन्या इमारती पाडायच्या कामावर लागला.
संध्याकाळी पांढरा होऊन यायचा, भुवयांसकट.
बोलायचा तुकड्यातुकड्यानं, विडी विझली की.
दोन पावसाळे नुसते ढग.
मग वारं.
आज्याच्या वक्ताचं काळं रान, गुडघाभर माती,
वारं सुटलं की उठायची आणि चालू लागायची.
दुपारी घरात दिवा. भाकरीत कचकच.
गायीचे डोळे फडक्यानं पुसायचे.
एका सकाळी कुळव खणकन वाजला,
खाली मुरूम.
मातीच निघून गेली सायेब,
मग आमीच कशाला थांबावं?

वैशाखातल्या एका दुपारी
घाटकोपरच्या बाजूनं आभाळ पिवळं होत आलं.
समोरच्या टॉवरातली माणसं गॅलरीत आली,
मोबाइल वर धरून.
सोजरनं एकदाच मान वर केली आणि हात कामाला लागले:
हंड्यावर फडकं, फडक्यावर परात, परातीवर दगड.
पोरांच्या तोंडाला ओला पदर.
म्हातारी जात्यावर ओणवी.
मग सोजर बाहेर धावली,
वाकून हात पुढं केला, दावं सोडायला.
तिथं खुंटा नव्हता.
हात तसाच राहिला, धुळीत, कोपरापर्यंतच दिसणारा.

वीसेक मिनिटं. नंतर पाइपावर बोटभर थर.
म्हातारीनं बोट फिरवलं, जिभेवर ठेवलं,
घोळवत राहिली.
सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. मीही.
थुंकली.
आपली न्हाई. सिमिट हाय.
आश्रुबा एवढा हसला की त्याला ठसका लागला,
मग ठसकाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चौकीत तक्रार:
तिसरा मजला, पाण्याला मातीचा वास.
रजिस्टरात रकाना असतो, कारण.
गळती लिहितात, नाहीतर टाकी साफ नाही.
मी पेन उघडून बसलो.
मग टोपण लावलं,
म्हटलं, म्हातारीला पाणी चाखवून यावं, तिला कळेल.

दुसऱ्याच कुणीतरी कळवलं होतं.
बांबूंचे चार खड्डे. चुलीतली राख अजून कोमट.
सगळीकडं कालची धूळ, पावलं उमटावीत इतकी,
पावलं उमटलेली, रस्त्यापर्यंत.
आणि मधोमध, जात्याएवढ्या एका गोलात
धूळ नव्हती.