तांडापेठेवरून

दिवाळीत तिकीट एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार.
मे महिन्यात जरा कमी, पण मे महिन्यात नागपुरात
आईशी बोलणार काय,
मध्ये कुलरच बोलतो.
फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी मात्र भाव असा उतरतो
जशी कॉटन मार्केटात अकरानंतर मेथी.

म्हणून आमची दिवाळी फेब्रुवारीत.
चार वर्षं झाली, आकाशकंदील आई काढतच नाही.
समोरचे बारापात्रे काका विचारतात,
वहिनी, विसरल्या का?
ती म्हणते, नाही जी,
तिकीट स्वस्त व्हायचं आहे अजून.

सास्काटूनला माझी रात्रपाळी असते.
म्हाताऱ्या माणसांची कूस बदलून देतो, दर दोन तासांनी,
आणि मधल्या वेळात फोनवर विमानं चाळतो.
टोरंटो, इस्तंबूल, दिल्ली.
टोरंटो, दोहा, मुंबई.
सतरा तास खुर्चीवर झोपायची तयारी असेल
तर नऊ हजार कमी.
एकच बॅग, तेवीस किलो, तर आणखी सहा.
बारा नंबरचे कोवाल आजोबा विचारतात, जुगार खेळतोस?
मी म्हणतो, हो, पण लहान.

या वर्षी सगळ्यात स्वस्त निघालं ते कोलकात्याचं.
एकतीस हजार वाचत होते.
बेबीनंदा म्हणाली, काहून रे, कोलकाता कुठं, आपण कुठं?
तिथून हावड्याची गाडी, अठरा तास,
म्हणजे पुढे जाऊन मागे यायचं.
मी नकाशावर रेघ ओढून पाहिली, दोह्याहून कोलकात्याला.
रेघ तांडापेठेवरून जात होती.
अगदी आपल्या गल्लीवरून नाही,
पण जाड पेन्सिल घेतली
तर घर त्या रेघेत मावत होतं.

हे आईला सांगायला नको होतं.
किती वाजता? तिनं विचारलं.
रात्री दीडच्या सुमारास.
मग गच्चीवरचा बल्ब लावून ठेवते.
आई, छत्तीस हजार फूट आहे ते.
हो का? मग शंभरचा लावते.

खिडकीच्या जागेला बेचाळीस डॉलर जास्त पडत होते.
मला मधली मिळाली, मधलीला कोणी पैसे मागत नाही.
खिडकीशी एक पोरगा, झडप ओढून, तोंड उघडं टाकून झोपलेला.
समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान अकोल्यावर आलं,
मग वर्ध्याच्या जरा वरून,
मग ठिपका, नागपूर,
आणि विमानाचं पोट त्या ठिपक्यावर
साधारण दीड मिनिट.
पट्ट्याच्या आत जितकं उंच होता येतं तितका मी झालो.
उठवावं का याला?
काय सांगू, भाऊ, जरा झडप उघड,
खाली आमचा बल्ब आहे?
तेवढ्यात ठिपका शेपटीमागे गेला.
गोंदिया. रायपूर.
हवाई सुंदरीनं माझा रिकामा पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी गाडीनं तोच मुलूख उलटा वाचत आलो,
सावकाश, स्टेशन स्टेशन.
इतवारी आली, तिथून घर स्कूटरनं सात मिनिटं,
पण ही गाडी इतवारीला थांबत नाही.
पुन्हा एकदा घरावरून पुढे,
मग मोठ्या स्टेशनातून ऑटो,
दीडशे म्हणाला, मी एकशे वीसवर आणला.
सवय.

ताटात चकल्या, करंज्या, सांबारवडी.
दारात कंदील, उन्हानं पांढरा पडलेला, आत दिवा लागलेला.
आईनं विचारलं, दिसला न रे?
दिसला, मी म्हटलं. पिवळा होता.
बेबीनंदा हसायला लागली,
अरे, बारापासून लाईन तं गेली होती,
साडेतीनले आली!

आईनं वर पाहिलं नाही.
माझ्या ताटात अजून एक करंजी ठेवत म्हणाली,
दिसला म्हणते नं तो.