हळद्या संघाची गुणवही

मंडळाचं नाव विजयध्वज.
ते फक्त पावतीपुस्तकावर.
बाकी सांगलीत, मिरजेत, पार तासगावपर्यंत
आम्ही हळद्या.

दिवसभर पेठेत पोती वाहायची,
सांजच्याला वखारीमागच्या मातीत उतरायचं.
आंघोळीला सवड कुणाला?
अंगाला घाम, घामाला हळद,
आणि चढाईला गेलेल्या इसाक मुलाणीचा हात
ज्याला लागेल त्याच्या गंजीवर
पाची बोटं उमटलेली,
लग्नघराच्या भिंतीवर असतात तशी.
"लागलाच नाही" म्हणणाऱ्याला
तात्या ऐवळे एवढंच म्हणायचा, "पाठ दाव."

मी अडत्याचा दिवाणजी. दम नाही, मांडी नाही.
गुण लिहायचो, तोलाईच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर.
त्यामुळे आमचा इतिहास असा:
एका अंगाला राजापुरी, सदतीस पोती,
दुसऱ्या अंगाला कुपवाडवर सात गुणांनी मात.
सेलमची आवक कमी; गुंडू नाइकाचा खांदा निखळला.
एका वर्षी बक्षीस मिळालं, एक स्टोव्ह.
बारा जणांत तो कसा वाटला
याची नोंद नाही.

मग एकोणऐंशीची अंतिम लढत,
मिरजेच्या रेल्वेवाल्यांशी.
ते मैदानात उतरले
आणि आमची माणसं शिट्ट्या मारायची थांबली.
सातही जण पिवळ्या गंजीत.
नव्या कोऱ्या. घडीसुद्धा मोडली नव्हती.

शेवटची चढाई. एक गुणानं मागे.
बरोबरी झाली असती तर पुढचा डाव आमचाच होता.
इसाक गेला, कोपऱ्यातल्या सॅम्युअल भोरेच्या बरगडीला
हात लावून आला.
लावून आला, असं मी म्हणतो.
पंचानं भोरेला दोनदा फिरवून बघितलं.
पिवळ्यावर पिवळं काय दिसणार?
भोरे खाली मातीकडं बघत राहिला.
एकोणीस-अठरा.
खाली मी रेघ मारली, ती जरा वाकडी आली.

पुढं माती जाऊन मॅट आली,
वखारीमागं ट्रक लागायला लागले.
तात्या पोराकडं पिंपरीला गेला, तिथंच राहिला.
इसाकच्या मयतीला हळद्यांपैकी आम्ही दोघंच.
वाटेत बोललो ते भावाबद्दल,
क्विंटलला किती फुटला त्याबद्दल.

परवा माझ्या दुकानात एक म्हातारा आला.
नातीच्या लग्नाची हळद हवी होती.
पूड चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला,
पैसे मोजता मोजता थांबला.
"दिवाणजी, लागला होता."
मला आधी कळलंच नाही.
"इथं," म्हणाला,
आणि शर्टावरून डाव्या बरगडीला बोटं टेकवली.

मी अडीच किलो तोलून दिली.
काटा जरा झुकताच ठेवला, गिऱ्हाइकाला ठेवतो तसा.
वही वरच्या फळीवर होती, काढली नाही.

रस्ता ओलांडताना तो वळला
तेव्हा दिसलं,
पांढऱ्या शर्टावर, बरगडीपाशी,
तीन बोटं. पिवळी, स्पष्ट.

हाक मारून सांगितलं नाही.