टॉर्च

हीउमा बेटावरच्या ग्रंथालयात दर बुधवारी
म्हाताऱ्या माणसांच्या फोनची गाऱ्हाणी ऐकणं हे माझं काम.

हेल्यू कास्क आली. वय एक्याऐंशी. लोकरी मोज्यात फोन.
म्हणाली, सरपणाच्या खोलीत दिसावं म्हणून उजेड घेतला,
तर हा विचारतोय, तुझी माणसं कोण.

पाहिलं. टॉर्चचं ॲप, फुकटचं.
त्याला हवे होते सगळे नंबर, मायक्रोफोन, फोटो,
आणि ती कुठे आहे ते, अष्टौप्रहर.

"उजेडाला कशाला हे?"
उजेडाला नको, म्हटलं. उजेड देणाऱ्याला हवंय.
ती गप्प.
मग म्हणाली, "माझे वडील दीपगृहावर होते."

पुढचं तुटक तुटक, मी सेटिंग्ज शोधत असताना.
रशियन शिपाई संध्याकाळी किनाऱ्यावर दाताळं फिरवायचे,
वाळू विंचरलेल्या केसांसारखी.
सकाळी पाऊल दिसलं की घरोघर बूट जुळवत यायचे.
सातव्या वर्षी ती बदकामागे तिथं धावली होती.
वडिलांना कागद भरून द्यावा लागला:
बुटाचं माप, कारण, किती पावलं.
खाली सही. नाही म्हणायला रकाना नव्हता.
आणि वर दिवा फिरत होता,
कुठल्याही होडीला नाव न विचारता.

मी तीन पर्याय वाचून दाखवले.
फक्त वापरताना. दर वेळी विचारा. परवानगी नाही.
"शेवटचं पुन्हा वाच."
वाचलं.
"पुन्हा."

मायक्रोफोन बंद केला तिनं, कणीक दाबावी तसा अंगठा दाबून.
फोटोंपाशी घुटमळली: भावाची कबर, कोंबड्या, एक चुकून काढलेलं छत.
तेही बंद.
हवामानाला मात्र दिलं. "वाऱ्याशी आपलं जुनं आहे."

मग मी सहज बोलून गेलो,
की टॉर्च तर फोनमध्येच असते, वरून बोट ओढलं की झालं,
या ॲपची गरजच नव्हती.
"आणि हे तू आत्ता सांगतोस?"
काढून टाकू? विचारलं.

"राहू दे," म्हणाली. "दर वेळी विचारा, ते लाव."

साडेतीनला अंधारलं होतं. दारात थांबून तिनं फोन काढला.
त्यानं काहीतरी विचारलं असावं,
कारण ती हसली,
आणि अंगठा नीट, सावकाश,
एका जागी ठेवला.