गार

नियम एकच: अडीचशे वर्षांपूर्वी जे नव्हतं ते बरोबर घ्यायचं नाही.
येमूलनं चष्मासुद्धा घरी ठेवला
आणि मार्डीच्या पुढं ढेकळात दोनदा आपटला.

बटण नाही, चेन नाही, नायलॉन तर नाहीच.
अंगरखा मी हातानं शिवला, आठ बंदांचा,
मांजरपाट घेताना मधल्या मारुतीचा दुकानदार म्हणाला,
नाटक कुठल्या गल्लीचं?
घोंगडीला चिंचोक्याची खळ. कडक, पुठ्ठ्यासारखी,
पांघरली की तंबू, टेकलं की भिंत.
वहाणांना महिनाभर तेल पाजलं तरी
त्यांनी टाच खाल्लीच.
छागळ बकऱ्याच्या कातड्याची,
पाण्याला दोन दिवस बकऱ्याचा वास,
आणि आम्ही चौघं तो वासही
अस्सल आहे म्हणून कौतुकानं प्यालो.

कमरेच्या बटव्यात चकमक, गार,
आणि डबीत कोंडून काळी केलेली सुती चिंधी.

मार्गशीर्षातली रात्र. माळढोकाची हद्द सोडून,
परवानगी काढलेलं पडीक रान, खाली कोरडा ओढा.
मी पोलादावर गार मारतो.
ठिणगी उडते, चिंधीवर बसते, विचार करते, मरते.
चाळीसपर्यंत मोजलं.
मग बोटाचं साल निघालं आणि मोजणं थांबलं.
गार हातात, गारठा हाडात,
हा विनोद येमूलनं केला, कोणी हसलं नाही.

शेजारच्या ज्वारीतून बॅटरीचा झोत आला.
राखणदार. सुरमल काळे, असं नाव त्यानं
हजेरी दिल्यासारखं सांगितलं.
आमचे अंगरखे पाहिले, वहाणा पाहिल्या, छागळ हुंगली,
आणि अगदी हळू विचारलं,
"तुमाला कुनी हाकललं?"

आम्ही सांगितलं. छंद आहे म्हणालो.
त्यानं छंद हा शब्द
तोंडात थोडा वेळ धरून ठेवला.

मग बांधाकडे गेला, अंधारात, बॅटरी न लावता.
रुईच्या बोंडातली म्हातारी आणली,
बाभळीवरून सुगरणीचं पडकं घरटं.
म्हातारी राखेत चोळली, गारेच्या कडेखाली अंगठ्यानं दाबली.
तीन वेळा. तिसरी बसली.
फुंकर इतकी बारीक
की मला वाटलं, तो तिला काही सांगतोय.

घरट्यानं पेट घेतल्यावर त्यानं खिशातून लायटर काढला
आणि बिडी त्यावर शिलगावली.

येमूलनं आपली फासकी दाखवली,
तित्तिरासाठी, चित्रं बघून वळलेली, तीन आठवड्यांची मेहनत.
सुरमलनं गाठ बोटांनी वाचली, जाळाकडे न बघता.
"हिच्यात तित्तर न्हाई गावनार. पावना गावंल."
मग गाठ सोडली. पुढची सोडली. सगळ्या सोडल्या,
दोर सरळ करून येमूलच्या मांडीवर ठेवला.
"ही नका शिकू. मी पोरालाबी न्हाई शिकवली.
पोरगं एमआयडीसीत चादरी मोजतं."

आणि उठता उठता, बटव्याकडे बोट करून:
"ह्येच आज्याच्या कमरंला गावलं व्हतं.
तारंच्या आत. सोलापुरात.
चामडं लोळवलं त्याचं.
कशाला पायजे तुला इस्तू, म्हनले, कुटं जायाचंय?"

कुठं जायचं होतं, ते त्यानं सांगितलं नाही.
ज्वारी हलली, मग हलायची थांबली.

रविवारी परतलो. पुणे नाक्यावर रिक्षा केली,
अंगरख्यावर शर्ट चढवून.
"कुठून घेऊ?" रिक्षावाल्यानं विचारलं.
सेटलमेंटवरून, म्हणालो,
जसं जन्मभर म्हणत आलोय,
शाळेला जाताना, गिरणीच्या भोंग्यावर आईला डबा देताना,
थांब्याचं नाव म्हणून.

नंतर रस्ताभर मी बाहेर बघत होतो,
तार कुठून कुठपर्यंत असेल.
मोबाईलचं दुकान, भजी, क्लासची पाटी.

घोंगडी गच्चीवर टाकली आहे, धूर जात नाही.
पुढच्या महिन्याची यादी येमूलनं पाठवली,
त्यात फासकी नाही, चष्मा आहे.
बटवा मी अजून सोडला नाही.
वरून चाचपला तरी
कापडातून गार लागते.