चार किलोचा चौक

अदिस अबाबातल्या या चौकाचं नावच अरात किलो,
म्हणजे चार किलो.
चढ चढून वर गेलं की सहा किलोचा चौक.
मी गिऱ्हाइकांना सांगतो, वजन इथेच करा,
तिथवर जाल तर दोन किलोनं भराल.
हसतात. नाणी टाकतात. चपला काढून काट्यावर चढतात.

काटा रिकामा असतानाही अर्धा किलो दाखवतो.
तो मी वजा करतो.
मापात पाप नको.

तीस वर्षं शिंपी होतो.
मग सुईचं नाकच दिसेना,
मशीन विकली, काटा घेतला.
टेप मात्र गळ्यातच राहिली,
सवयीनं.

नर्सिंग शिकणारी त्सिगेरेदा एकदा उभी राहिली आणि म्हणाली,
नुसत्या किलोला काय अर्थ, काका?
उंच माणसाचे सत्तर वेगळे, बुटक्याचे वेगळे.
उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा,
आणि त्यानं वजनाला भागा.
साडेअठराच्या खाली, तर अंगावर धरत नाही.
पंचविसाच्या आत, तर ठीक.
पंचवीस ओलांडले, तर जरा सांभाळून. तीस, तर डॉक्टरकडे.
मी भिंतीवर खडूनं उंचीच्या खुणा केल्या.
भागाकार मोबाइल करतो.

बैरूतहून परतलेली येशीमेबेत आली,
दोन वर्षं दुसऱ्यांची घरं पुसून.
सोळाही भरली नाही.
तिनं आकडा विचारला नाही, मी सांगितला नाही,
पैसेही घेतले नाहीत.
समोरच्या टपरीवरून दूध मागवलं.

गुडेता मर्कातोत पोती वाहतो.
अठ्ठावीस.
घाबरला बिचारा.
मी त्याच्या दंडाला टेप लावली, मग पोटाला.
म्हटलं, अरे, हे सगळं पोत्यांनी घडवलेलं आहे,
काट्याला मांस आणि चरबी सारखीच.

टॅक्सीवाला शिफेराव चोवीस भरला,
मिशीला पीळ देत म्हणाला, बघ, एकदम फिट!
त्याच्या काटकुळ्या पायांवर
कुणीतरी घागर ठेवल्यासारखं पोट.
टेप म्हणाली, एकशे चार.
मी म्हटलं, दादा, आकडा खरा आहे,
पण चरबी कुठे बसलीय ते त्याला कळत नाही.
ते शिंप्याला विचारा.
तो चिडून गेला. परत आला नाही अजून.

आणि वुबित, माझी बायको.
तिम्कतच्या सणाला गंमत म्हणून काट्यावर चढली होती:
त्रेसष्ट. दीड मीटर उंची. अठ्ठावीस.
गाल फुगवून उतरली.
मग पंचावन्न दिवसांचा उपास आला,
सणाचा पांढरा झगा सैल झाला, तीन बोटं आत घेतला.
फासिका झाली, घरी कोंबडी शिजली,
तिनं दोन घास खाऊन ताट सरकवलं.
झगा पुन्हा चार बोटं आत.

काल काटा घरी नेला.
चोपन्न. म्हणजे चोवीस.
शेजारणी म्हणाल्या, नशीबवान गं, आम्हाला पण सांग काय करतेस!
तक्त्यात हिरवा रंग.
त्सिगेरेदानंच रंगवून दिलेला तो तक्ता,
त्यात माणूस कुठून कुठे आला याचा रकानाच नाही.

मी वुबितला विचारलं, तू काही करतेस का?
ती म्हणाली, काहीच तर नाही.

सकाळी दवाखान्यात गेलो.
डॉक्टरीण म्हणाली, किती दिवसांत, किती?
मी किलो सांगितले, मग बोटंही सांगितली, तीन अधिक चार.
तिनं बोटंसुद्धा लिहून घेतली.
रक्त घेतलं. निकाल मंगळवारी.

रात्री झगा पुन्हा हातात घेतला, तिसऱ्यांदा.
सुई तिनंच ओवून दिली.
वरची बाजू आत घेतली, टाके सैल घातले,
आणि उरलेलं कापड कापलं नाही,
दुमडून आतच ठेवलंय,
सगळंच्या सगळं.