खिळा न मारता

करारनाम्यातलं सातवं कलम:
भिंतीला खिळा मारायचा नाही.
म्हणून मुलुंडच्या या तिसऱ्या भाड्याच्या घरात
कॅलेंडर फ्रिजला, आरसा खुर्चीवर,
आणि सासूबाईंनी दिलेलं घड्याळ
अजून टॉवेलात गुंडाळलेलं.

पण वाळू माझी आहे.
चार बोटं जाड, सतरा वेळा धुतलेली,
बाथरूममध्ये उकिडवं बसून,
पाणी नितळ निघेपर्यंत.

कुर्ल्याच्या मुश्ताकभाईंनी रोपं दिली
ओल्या वर्तमानपत्रात, मेथीच्या जुडीसारखी.
म्हणाले, बुडाची शिशाची पट्टी आधी काढा,
वजनाने नुसतं बसतं, रुजत नाही,
देठ आतून कुजतो.
मी पट्टी सोडवली, स्पंज उचकटला,
मुळं पेरभर ठेवून छाटली.
छाटताना हात थांबला, खोटं कशाला सांगू.

चिमटा तिरका. कोपरापर्यंत हात पाण्यात,
बाही भिजलेली, बांगडी काचेवर वाजतेय.
देठ खोल खुपसायचा, मग केसभर वर ओढायचा,
गड्डा वाळूबाहेर राहील इतकाच.
पहिली तीन लगेच वर आली, तरंगत,
जशी काही मी बोलावलीच नव्हती.
चौथ्याला दोन शिव्या दिल्या. ते राहिलं.

लांब पट्ट्यांची मागे, बुटकी पुढे,
मधे थोडं अंगण, पण अगदी मधोमध नाही.
उन्मेष सोफ्यावरून: डावीकडचं ते
लग्नाच्या फोटोतल्या मामांसारखं उभं आहे,
कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नाही.
खरं होतं. मी त्याला सोबत दिली.

एक मात्र वाळूत पुरायचंच नाही,
जाड पानांचं, आडव्या खोडाचं. पुरलं की सडतं.
ते बांधलं लाकडाच्या ओंडक्याला
ब्लाउजच्या उरलेल्या हिरव्या दोऱ्याने,
सैल, पण सुटणार नाही असं.
आई माझी वेणी घालायची तसं नव्हे;
ती फार घट्ट असायची.

मग वाळूवर ताटली ठेवून
रात्रभर बादलीत ठेवलेलं महापालिकेचं पाणी
बारीक धारेने सोडलं.
गढूळ झालं. बसलं.

नवव्या दिवशी क्रिप्टोकोरीन विरघळली.
पानं आधी काचेसारखी, मग नुसता लगदा.
फोनवर माझा आवाज रडवेला.
हलवू नका, मुश्ताकभाई म्हणाले,
जागा बदलली की ही असंच करते,
सगळी पानं टाकून देते.
मूळ उकरून बघायचं नाही.
किती दिवस?
ते तिलाच विचारा.

मी विचारलं नाही.
दहिसरहून ठाणे, ठाण्याहून इथे,
दर वेळी पहिला महिनाभर
मला भाजीत मीठ किती ते कळत नाही.

आज एजंट आला, नव्या कराराचे कागद घेऊन.
भाडं दहा टक्के जास्त, पुन्हा अकरा महिने,
आणि मालक विचारतात, या टाकीचं वजन किती?
उन्मेषने काहीतरी कमी सांगितलं.
मी काचेपाशी गुडघ्यांवर होते:
ओंडक्यावरचा दोरा विरून तुटला होता
आणि खोड हललं नव्हतं.
एक हिरवट मूळ लाकडाच्या भेगेत शिरलेलं.

खाली वाळूत, जिथे काही उरलं नव्हतं,
तिथे एक तपकिरी टोक.
पान की गोगलगाय, अजून ओळखू येत नाही.
सही कुठे करायची, मी विचारलं,
हात तसाच ओला.