रकाना क्रमांक सात

क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज आणलाय,
तीन पानी, पाठकोरा,
वर ठळक अक्षरात : स्थानिक भागीदारीतून सांस्कृतिक उपक्रम.
मी गिरणीवर दळणाचा हिशेब लिहिते, अक्षर बरं आहे,
म्हणून भरायचा माझ्याकडे आला.

नाव, पत्ता, भवानी पेठ, पुणे बेचाळीस. झालं.
उपक्रमाचे नाव?
इथेच पेन अडलं.
नाव कधी कुणी ठेवलंच नाही.
'आज आहे का?' एवढंच विचारतो आपण
नरसय्याच्या इस्त्रीच्या टेबलाखालून
हॉलची किल्ली काढताना.

ते सोडून पुढे गेले.
रकाना क्रमांक सात :
भागीदार संस्था व त्यांचे योगदान (रुपयांत).

वालजीभाईंची वखार.
रात्री आठनंतर त्यांच्या फळ्या आमचं स्टेज,
सकाळी दहाला त्याच फळ्या गिऱ्हाइकाला.
गेल्या साली आमचा अख्खा राजवाडा
कोंढव्यात कुणाचा तरी पोटमाळा झाला.
ह्याचे रुपये किती लावू?

वीज आमच्या गिरणीची, खिडकीतून वायर.
खाली ज्वारी पडली की वर दिवा लुकलुकतो
आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं,
वा, काय प्रकाशयोजना आहे!

इद्रिसच्या बेकरीतून खारीचा चुरा, कागदात.
गल्लीच्या तोंडाशी मशीद :
अजान झाली की आम्ही ढोलांवर गोणपाट टाकतो,
रमजानात सहरीला उठवायला
त्यांची पोरं आमचा ताशा नेतात,
परत आणतात तेव्हा दोऱ्या ताणलेल्या असतात,
आमच्यापेक्षा नीट.

विडीवाल्या बायका तालमीला सूप घेऊनच बसतात.
बघतात स्टेजकडे, बोटं आपली वळत राहतात.
रडण्याच्या प्रवेशाला मात्र हजारात शंभर कमी भरतात,
म्हणून लक्ष्मीनरसम्मांनी लेखकाला दम दिलाय :
काय मारायचं ते माणूस
इंटरव्हलच्या आत मार.

सुगंधा ओव्हाळ. संस्था नाही, एकटी बाई.
पावणेसहाला आरोग्य कोठीवर हजेरी,
रात्री राजा.
मुकुट चढवला की मुकादमाचं नाव आठवत नाही म्हणते.
एकदा खरंच आठवलं नव्हतं,
अर्धा खाडा पडला.
तो खाडा योगदानात धरायचा का, तिनंच विचारलंय.

आणि दोन मंडळं.
वरचं आणि खालचं, मधे सार्वजनिक नळ.
अकरा वर्षं बोलणं नाही.
का, ते मला सांगता येईल,
पण सांगितलं की बारावं वर्ष लागेल.
सतरंजी मात्र एकच,
भांडणाआधीच्या वर्गणीतली, वीस बाय तीस.
दर एक तारखेला ती ह्या दारातून त्या दारात जाते,
निरोप नाही, पावती नाही.
चौघं आणून ठेवतात, चौघं उचलून नेतात,
आठांपैकी एकही वर बघत नाही.
पण झटकलेली असते.
मागच्या खेपेला आली तेव्हा
आमच्या पोरांनी उदबत्तीनं पाडलेल्या भोकावर
हिरवं ठिगळ होतं,
बारीक टाक्यांचं.
मी बराच वेळ त्याच्यावरच बसले.

अर्जात पुढे दोन चौकोन आहेत :
भागीदारांत परस्पर सहमती आहे / नाही.
खूण कशावर करू?

कार्यालयातले पानसरे म्हणाले,
ताई, रुपयांत बसत नसेल तर 'निरंक' लिहा,
लवकर पुढे सरकतं.
निरंक.
शब्द छान आहे, धुतलेल्या ताटासारखा.
लिहिलाही होता पेन्सिलीनं, मग खोडला,
कागद तिथे जरा पातळ झालाय.

काल तालमीत वही सापडेना,
तर अर्जाच्या पाठीवर
कुणीतरी राजाचं स्वगत उतरवून घेतलं,
दोन्ही पानं भरून.
आता दुसरा अर्ज आणायला हवा.
मुदत एक तारखेपर्यंत आहे.
एक तारखेला सतरंजी पोचवायची असते,
आणि चौघांपैकी एक गावाला गेलाय.